भार वाहणारा शब्द

इंग्रजी भाषेशी आपली ओळख बहुतांशी छापील पुस्तकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या द्वारे झालेली असल्यामुळे, त्या भाषेच्या उत्तरेकडील मुलखात, म्हणजे यॉर्कशर, डरहम, नॉर्थम्बरलंड, कंबरलंड या परगण्यांत आणि त्यांच्या पलीकडे स्कॉटलंडात व आयर्लंडच्या उत्तर भागात, मेंढपाळ, खाणकामगार आणि विणकर यांच्या तोंडी शतकानुशतके जी एक जुनी, खरबरीत, परंतु अत्यंत सकस शब्दसंपत्ती नांदत आली आहे, तिची आणि आपली गाठ सहसा पडत नाही. या संपत्तीतील ‘थोल’ हे एक लहानसे क्रियापद मला फार मोलाचे वाटत आले आहे. सोसणे, भोगणे, कळ काढणे, निभावून नेणे अशा आपल्या चारपाच क्रियापदांचा आशय त्यात एकवटलेला आहे. जुनाट दुखणे असो, हाडे गोठविणारी थंडी असो, की ऐन उमेदीत घरातले माणूस गेल्याचे दुःख असो, ज्याला उपाय नाही आणि ज्यातून सुटका नाही ते ‘थोल’ करावे लागते, असे तिकडची जुनी माणसे म्हणत आली; आणि ते म्हणताना त्यांच्या स्वरात कण्हणे नसते, तशी फुशारकीही नसते.

या शब्दाचे वय सांगू गेल्यास इंग्रजी भाषेचेच वय सांगावे लागते. अँग्लो-सॅक्सन काळच्या इंग्रजीत त्याचे रूप ‘थोलिअन’ असे होते. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याची एकुलती एक हस्तलिखित प्रत, जी इसवी सन १००० च्या सुमारास लिहिली गेली, जी १७३१ सालच्या आगीत कडेने होरपळली आणि जी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जिवापाड जपून ठेवलेली आहे, तीत डेन लोकांचा वृद्ध राजा ह्रोथगार याची कथा आहे. त्याने हौसेने उभारलेल्या भव्य सभागृहात ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री-अपरात्री शिरतो, निजलेले योद्धे उचलून नेतो, आणि हा उच्छाद थोडाथोडका नव्हे, बारा हिवाळे चालतो. कारण त्या हिममय देशात वर्षांची गणती हिवाळ्यांनीच करीत. या बारा हिवाळ्यांत राजाने जे दुःख गिळले ते सांगण्यासाठी कवीने योजलेले क्रियापद हेच. राजाला शत्रूचा पाडाव करता येत नाही आणि सिंहासन सोडून जाणेही त्याच्या स्वभावात नाही. जिंकणे आणि पळणे या दोहोंच्या मध्ये माणसाला जी एक तिसरी भूमी उरते, आणि जिच्यावर बहुसंख्य माणसांचे बहुतेक आयुष्य जाते, त्या भूमीवर तो उभा आहे.

हस्तलिखितात या शब्दाचे आद्याक्षर रोमन लिपीतले नाही. ‘थ’सारख्या त्या ध्वनीला रोमन वर्णमालेत स्वतंत्र चिन्ह नसल्यामुळे सॅक्सन लेखनिकांनी आपल्या पूर्वजांच्या रून लिपीतले एक अक्षर उचलले, त्या अक्षराचे नाव ‘थॉर्न’, म्हणजे काटा, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा काटा व आपले संस्कृत ‘तृण’ ही दोन्ही एकाच आदिशब्दाची संतती. संस्कृतातला ‘त’ इंग्रजीत ‘थ’ होऊन भेटतो, हा नियम याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली आपल्या व्याकरणग्रंथात पद्धतशीरपणे मांडला, आणि शाळेत इंग्रजी शिकलेल्या कोणालाही तो सहज पडताळून पाहता येतो : ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘तनु’ आणि ‘थिन’, ‘तृषा’ आणि ‘थर्स्ट’. याच वाटेने ‘थोल’चा माग काढीत मागे गेले म्हणजे आपण जेथे पोहोचतो ते ठिकाण परके नाही. उचलणे, पेलणे, वाहणे असा अर्थ असलेला एक प्राचीन धातू तेथे आहे. त्यापासून लॅटिनमध्ये सहन करण्याचे क्रियापद निघाले, ग्रीकमध्ये तराजूचे आणि वजनाचे नाव निघाले, पृथ्वीच्या कडेला उभे राहून आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ॲटलासच्या नावाचा संबंधही परंपरेने याच धातूशी जोडला जातो; आणि संस्कृतात त्यापासून झाली ‘तुला’.

म्हणजे तोल, तोलणे, तोळा, तुलना, अतुल, बारा राशींतील तूळ, मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीशेजारी काटा घेऊन उभा असलेला तोलणार, हे सारे त्या यॉर्कशरच्या मेंढपाळाच्या शब्दाचे चुलतबंधू होत. मात्र या भाऊबंदांपैकी मला सर्वांत जवळची वाटते ती सराफाच्या दुकानातली तुला नव्हे, तर घराच्या छपराखालची तुळई. संस्कृतातही ‘तुला’ म्हणजे केवळ तराजू नव्हे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेतील वास्तुविद्येच्या अध्यायात घराच्या छतातील तुळईसाठी हाच शब्द वापरला आहे. दोन खांबांवर आडवी पडून जी वरच्या मजल्याचा, पाटईचा, माणसांच्या येरझाऱ्यांचा आणि पावसाने भिजलेल्या कौलांचा सगळा भार निमूटपणे घेते, ती तुळई आणि ‘थोल’ करणारा माणूस यांची नावे हजारो वर्षांपूर्वी एकाच घरात जन्मली.

आमच्या आजोळच्या घरात माजघराच्या मधोमध सागाची एक तुळई होती. वर्षानुवर्षांच्या धुराने ती काळी कुळकुळीत झाली होती, तिच्या खालच्या अंगाला पाळण्याच्या दोन कड्या होत्या, आणि त्या कड्यांनी लाकडात इतके खोल घट्टे पाडले होते की त्यांत लहान मुलाचे बोट पहिल्या पेरापर्यंत बुडावे. एका पावसाळ्यानंतर तिला मध्यभागी बाक आल्याचे लक्षात आले, तेव्हा सुताराला बोलावणे धाडले. तो आला, त्याने शिडीवर चढून वाकसाच्या दांड्याने तुळई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू ठोकीत नेली आणि प्रत्येक ठोक्यागणिक कान देऊन आवाज ऐकला. भरीव आवाज येत होता तोवर त्याचा चेहरा निश्चिंत होता, भिंतीजवळच्या वीतभर जागेत आवाज पोकळ झाला तेव्हा त्याने हात थांबविला. “आजी,” तो खाली उतरून म्हणाला, “लई वर्सं भार घेतला हिनं. आता टेकू लावल्याबिगर न्हाई चालायचं.” मग रीतसर टेकू लागला आणि पुढे ती तुळई आणखी कितीतरी वर्षे राहिली. त्या सुताराचे बोलणे मला त्या वेळी साधे वाटले होते; पुढे ‘थोल’ शब्दाची कुळकथा वाचताना त्याचे एकेक अक्षर आठवले, कारण सोसण्यालाही आधार लागतो ही गोष्ट त्याला आपल्या धंद्यातून ठाऊक होती आणि आपल्याकडच्या पुष्कळशा उपदेशकांना ती ठाऊक नसते.

इंग्लंडात या शब्दाचे पुढे काय झाले ते राज्यक्रांतीच्या इतिहासाहून निराळे नाही. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले, सॅक्सन सरदारांची वतने खालसा करून ती आपल्या साथीदारांना बहाल केली, आणि दरबारात, न्यायासनासमोर व उच्चकुलीनांच्या पंगतीत फ्रेंच भाषेची वहिवाट सुरू झाली. जमिनींबरोबर शब्दांच्याही मिराशी गेल्या. सोसण्याच्या अर्थाचे ‘सफर’ आणि ‘एन्ड्युअर’ हे शब्द फ्रेंचमधून आले आणि दक्षिणेकडच्या लिखित भाषेत प्रस्थापित झाले. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास पंडितांनी लॅटिनमधून ‘टॉलरेट’ हे क्रियापद घडविले. हे ‘टॉलरेट’ मुळात ‘थोल’चेच भावंड. एकाच धातूचा एक वंशज रोमहून शिकूनसवरून परत आला आणि त्याने घरीच राहिलेल्या दुसऱ्याची जागा घेतली. घरी राहिलेल्याला उत्तरेकडच्या माळरानांवर आसरा शोधावा लागला.

परंतु दोघांचे अर्थ आज सारखे राहिलेले नाहीत, आणि येथेच मला या शब्दाचे विशेष महत्त्व वाटते. ‘टॉलरेट’ करणाऱ्याच्या हाती सत्ता असते. राजा परधर्मीयांना सहन करतो, शिक्षक वर्गातली कुजबुज सहन करतो. मनात आणील तर तो ती बंदही करू शकेल, पण करीत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. आपण मराठीत याला ‘खपवून घेणे’ म्हणतो. ‘थोल’ करणाऱ्याच्या हाती अशी कोणतीही सनद नसते. त्याला विचारून ओझे दिलेले नसते आणि नको म्हणण्याची त्याला मुभाही नसते. त्याच्या हाती असते ते इतकेच की ओझ्याखाली मोडून पडावयाचे की पाय रोवून चालावयाचे. सोसणे ते हेच. शिष्ट भाषेने वरून पाहणाऱ्याचा शब्द ठेवून घेतला आणि खालून पेलणाऱ्याचा शब्द बोलीच्या पदरात टाकला, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्यांना पेलावे लागत होते त्यांच्याच तोंडी तो जिवंत राहिला.

रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा कवी स्वतः कुळवाडी होता. १७८५ च्या नोव्हेंबरात नांगर चालवीत असता त्याच्या फाळाखाली एका उंदरीचे घरटे उद्ध्वस्त झाले, आणि त्या प्रसंगावर त्याने जी कविता लिहिली ती इंग्रजी जाणणाऱ्या सर्व जगात वाचली जाते. पाचोळा आणि वाळले गवत एकेक काडी कुरतडून जमवून तिने ते घरटे केले होते. आता शेत उघडे पडले, नवे घर बांधण्याजोगे गवत उरले नाही आणि डिसेंबरचे बोचरे वारे तोंडावर आले. त्या इवल्या जिवाला आता हिवाळ्याची गारठ्याची रिपरिप आणि दहिवर ‘थोल’ करावे लागणार, असे बर्न्स म्हणतो. बारा हिवाळे राक्षसाचा जाच सोसणाऱ्या राजाला जे क्रियापद प्राचीन कवीने दिले तेच या कुणब्याने एका उंदरीला दिले, आणि यात त्याला काही विपरीत वाटले नाही. मला बर्न्सचे मोठेपण इथे जसे दिसते तसे त्याच्या प्रसिद्ध प्रेमगीतांतही दिसत नाही.

स्कॉटलंडच्या कायद्यातही हा शब्द मानाने बसला आहे. एखाद्या इसमावर फौजदारी खटला चालून निकाल लागला असेल, तर त्याच आरोपावरून त्याला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, कारण तो आपला खटला एकदा ‘थोल’ करून चुकला आहे, अशी कैफियत तेथील वकील मांडीत आले. आरोपी निर्दोष सुटो की दोषी ठरो, न्यायासनासमोर उभे राहणे हाच एक भार आहे आणि तो एका माणसावर एकाच गोष्टीसाठी दोनदा लादू नये, ही जाणीव त्या जुन्या शब्दयोजनेत आहे. २०११ साली तेथे या विषयावर स्वतंत्र कायदा झाला, काही अपवादही मान्य झाले. तत्त्व मात्र कायम आहे. आपल्या धर्मशास्त्राचा अभ्यास असलेल्या वाचकाला येथे याज्ञवल्क्यस्मृतीतील दिव्यांचे प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. अग्नी, उदक, विष आणि कोश यांच्याबरोबर ‘तुला’ हेही तेथे एक दिव्य सांगितले आहे : आरोपीला तराजूत बसवून तोलावयाचे, मग तुलेची प्रार्थना करून पुन्हा तोलावयाचे, पारडे वर गेले तर तो शुद्ध, खाली गेले तर अपराधी. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला चारुदत्त, ज्याच्यावर खुनाचा खोटा आळ आला आहे, तोही शेवटी या दिव्यांचीच आठवण काढतो. एकाच धातूच्या दोन शाखा, एक एडिंबरोच्या न्यायालयात आणि एक उज्जयिनीच्या, आणि दोन्हीकडे आरोपी माणूसच ओझे झालेला किंवा ओझे वाहणारा. हा योग मला विलक्षण वाटतो.

पण या सर्व शब्दांची राखण ज्याने केली त्या जोसेफ राइट या माणसाविषयी सांगितल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही, किंबहुना तो नसता तर या शब्दाविषयी इतक्या खात्रीने बोलताही आले नसते. राइट १८५५ साली यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डनजीक जन्मला. सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीवर गाढव हाकण्याच्या कामाला लागला. बोथट झालेली हत्यारे खाणीतून लोहाराकडे न्यावयाची आणि धार लावून परत आणावयाची हे त्याचे काम. सातव्या वर्षी तो सर टायटस सॉल्ट यांच्या सॉल्टेअर येथील गिरणीत गेला आणि भरलेल्या बॉबिनी काढून तेथे रिकाम्या बसवू लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले, जेवणाच्या सुट्टीत कोणी साथीदार वृत्तपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत, आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बातमी ऐकण्याची ही लाचारी या मुलाला सोसवेना. म्हणून तो बायबल आणि ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ घेऊन स्वतःच वाचावयास शिकला. थोड्याच काळात तो रात्रीच्या शाळेतून फ्रेंच, जर्मन व लॅटिन शिकला आणि आपल्या सोबत्यांसाठी आठवड्याला दोन पेन्स फी घेऊन स्वतःची रात्रशाळाही चालवू लागला. १८७६ साली गाठीला ४० पौंड जमताच तो जर्मनीला निघाला आणि पैसे वाचावेत म्हणून अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत पायी गेला. १८८५ मध्ये तेथेच त्याने ग्रीक स्वरव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली.

पुढे ऑक्सफर्डला तुलनात्मक भाषाशास्त्राच्या पीठावर मॅक्स म्युलर यांचे प्रतिनिधी म्हणून आणि त्यांच्या निधनानंतर १९०१ पासून प्राध्यापक म्हणून राइटने काम केले. मॅक्स म्युलर हे नाव महाराष्ट्राला परके नाही. सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढणारा हा पंडित लोकमान्य टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या शिक्षेच्या वेळी त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत होता. त्याच पीठावर आता गिरणीतून आलेला मनुष्य बसला, आणि त्याने आपले सर्वांत मोठे काम कोणत्या भाषेसाठी केले, तर ज्या भाषेत त्याची आई बोलत होती तिच्यासाठी. १८९२ साली त्याने आपल्या विंडहिल गावाच्या बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि १८९८ ते १९०५ या काळात ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’चे सहा खंड, काही अंशी पदरमोड करून, बाहेर काढले. देशभरच्या स्वयंसेवकांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द, अर्थ, वापराचे उदाहरण आणि परगण्याचे नाव लिहून पाठवावे, ती चिठ्ठी राइटने आणि एकेकाळी त्याची विद्यार्थिनी असलेल्या त्याच्या पत्नीने, एलिझाबेथने, पारखावी आणि मग ती कोशात दाखल व्हावी, अशी त्या कामाची रीत होती. ‘थोल’ची नोंद शेवटच्या, सहाव्या खंडात आहे.

राइटचे चरित्र वाचल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट सांगावीशी वाटते. सोसण्याची थोरवी गाणारे पुष्कळदा असे असतात की ज्यांच्यावर ओझे नसते. सहा वर्षांच्या मुलाला खाणीवर पाठविणाऱ्या समाजाने त्याला ‘थोल’चा महिमा सांगावा यासारखा अधर्म नाही, आणि आपल्याकडच्या घराघरांतून सुनांना ‘सोसायला शिक’ म्हणून जे सांगितले गेले त्यातलाही बराचसा भाग याच जातीचा आहे. राइटने थंडी, भूक, श्रम हे सारे सोसले. अज्ञान मात्र सोसले नाही. हा विवेक ज्याला नाही त्याच्या हाती हा शब्द धोक्याचा आहे. तरीही, मृत्यू, वार्धक्य, असाध्य व्याधी यांच्यापुढे कोणता कायदा आणि कोणती चळवळ उपयोगी पडते? तेथे माणसाला दुसऱ्या माणसाने हाक मारण्यासाठी या शब्दाहून प्रामाणिक शब्द मला माहीत नाही.

आयर्लंडचा कवी शेमस हीनी याला या शब्दाने असेच हाकेसारखे गाठले. त्याने केलेला ‘बेओवुल्फ’चा अनुवाद १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की जुन्या इंग्रजीच्या शब्दसूचीत ते रून अक्षर डोक्यावर घेतलेला ‘थोलिअन’ त्याला प्रथम अगदी परका वाटला, पण मग ध्यानात आले की डेरी परगण्यातली आपली आत्या किंवा मावशी, एखाद्या कुटुंबावर अकस्मात मृत्यूचा घाला पडला म्हणजे, आता त्यांना हे ‘थोल’ करणे शिकावे लागेल असे जे म्हणत असे, तो हाच शब्द. सॅक्सन लोकांपासून स्कॉटलंडात, स्कॉटलंडातून आयर्लंडात वसाहतीला आलेल्या कुळांबरोबर अल्स्टरमध्ये, आणि तेथून समुद्रापलीकडे अमेरिकेच्या दक्षिणेत, असा त्याचा प्रवास त्याने शोधून काढला. आणि जिच्या जेत्यांनी आपली आयरिश भाषा दूर सारली, त्या इंग्रजीच्या आदिकाव्यावर आपलाही वारसाहक्क आहे, असे त्याला वाटू लागले. अनुवादाच्या पहिल्याच काही ओळींत त्याने तो शब्द योजला आहे. विद्यापीठात शिकून जे मिळाले नसते ते घरातल्या एका बाईच्या बोलण्यातून त्याला मिळाले होते.

आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात पुरे झाले. त्या कोशांत आलेले कितीतरी बोलींतले शब्द आज बोलणारी माणसे मोजकीच आहेत, आणि कोशांत न आलेले शब्द त्याहून अधिक असले पाहिजेत. वाचकाच्या घरी, आजोळी किंवा शेजारी कोणी म्हातारे माणूस असेल, आणि आपल्याला न कळणारा एखादा शब्द त्याच्या बोलण्यात आला, तर हसून सोडून देऊ नये. कागदाच्या एका तुकड्यावर तो शब्द, तो ज्या वाक्यात ऐकला ते संपूर्ण वाक्य, गावाचे नाव आणि तारीख एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे.